स्प्लॅटून ३ : काही महिन्यांच्या वापरानंतर, पुण्याहून

निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवरचा (टीव्हीला जोडून किंवा हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा) ‘स्प्लॅटून ३’ हा व्हिडिओ गेम ९ सप्टेंबर २०२२ रोजी बाजारात आला, तेव्हा बहुतेक परीक्षणांचा सूर एकच होता : खेळ उत्तम आहे, पण दुसऱ्या भागापेक्षा वेगळे त्यात फारसे काही नाही. परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याची सरासरी शंभरपैकी ८३ आहे. २०१७ सालच्या दुसऱ्या भागालाही तेवढेच गुण होते, त्यामुळे परीक्षकांची तक्रार जणू आकड्यातच उतरली आहे. खेळणाऱ्यांनी मात्र ही तक्रार फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. एकट्या जपानमध्ये पहिल्या तीन दिवसांत ३४.५ लाख प्रती विकल्या गेल्या आणि त्याच वर्षअखेर ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम मल्टिप्लेअर गेमचा पुरस्कारही याच खेळाला मिळाला. गेल्या दिवाळीपासून हा खेळ कर्वेनगरच्या आमच्या घरात जवळजवळ रोज सुरू असतो. कधी मी खेळते, कधी सिंहगड रस्त्यावरून सुट्टीला येणारी माझी भाची. इतक्या महिन्यांनंतर ती जुनी परीक्षणे पुन्हा वाचताना जाणवते, की त्यांनी मोठे ठरवलेले दोष पुण्यात बसून खेळणाऱ्याला फारसे बोचत नाहीत आणि त्यांनी एखाद्या वाक्यात उरकलेली गोष्ट मात्र पदोपदी आडवी येते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार विरुद्ध चार असे दोन संघ असतात, प्रत्येक संघाला एक रंग असतो आणि ‘टर्फ वॉर’ या मुख्य प्रकारात तीन मिनिटांत ज्याच्या रंगाची जमीन जास्त तो संघ जिंकतो. भिंती मोजत नाहीत, फक्त जमीन मोजतात. किती गडी टिपले यालाही निकालात किंमत नाही. गडी टिपल्याने समोरचा संघ काही क्षण एकाने कमी होतो आणि तेवढ्या वेळात रंगवायला मोकळीक मिळते, इतकाच त्याचा उपयोग. आपले पात्र माणसाच्या रूपात रंग उडवते आणि बटण दाबले की माकूळ (स्क्विड) होऊन स्वतःच्याच रंगात बुडी मारते. त्या रंगात पोहताना वेग वाढतो, पाठीवरची रंगाची टाकी भरते, भिंत चढता येते आणि शत्रूला आपण सहजी दिसत नाही. विरोधी रंगात पाय पडला की चाल मंदावते आणि इजाही होते. म्हणजे उडवलेला रंग हीच गोळी, हाच रस्ता, हाच आडोसा आणि शेवटी हाच गुणफलक. एका कल्पनेवर इतकी कामे सोपवणारा दुसरा नेमबाजीचा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

या खेळाला ‘गोंडस’ म्हणून जी शाबासकी मिळते, ती बरीचशी वरवरची आहे असे माझे मत आहे. २०१५ मध्ये वी यू या कन्सोलवर पहिला भाग आला. त्याच्या अगदी सुरुवातीच्या चाचणीत पात्रे नव्हतीच, टोफूच्या तुकड्यांसारखे काळे-पांढरे ठोकळे एकमेकांवर शाई उडवत होते, हे निर्मात्यांनीच सांगितलेले आहे. मधे सशांचा विचार झाला आणि शेवटी माकूळ ठरले. हे वाचल्यावर गोंडसपणाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. शाई सोडणारा, रूप बदलणारा, शाईत लपणारा प्राणी घेतल्यामुळे नियम वेगळे समजावून द्यावेच लागत नाहीत. भाचीला नियम कोणी सांगितले नाहीत. पहिल्या सामन्यात तिने शस्त्र म्हणून रोलर निवडला आणि अंगण सारवावे तशी ती सरळ रेघेत जमीन रंगवत सुटली. दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात ती मलाच बजावत होती, “आत्या, तू मारामारी कशाला करतेस? मागची सगळी जमीन तशीच राहिली आहे!” तिचे म्हणणे बरोबर होते. नवखा खेळाडूही नेम न धरता संघाच्या उपयोगी पडू शकतो, ही या खेळाची खरी ताकद आहे, आणि ती पात्रांच्या मोठ्या डोळ्यांत नसून नियमांत आहे. वीसएक सेकंद उरलेले असताना विरोधकांच्या अंगणात गुपचूप शिरून कोपऱ्यातला एखादा तुकडा रंगवावा आणि तेवढ्याच टक्क्याच्या फरकाने निकाल फिरावा, हे इथे नेहमी घडते. निकाल देणारे गलेलठ्ठ मांजर निशाण वर करते, तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर कोणीही बसलेले नसते. सगळे उभे असतात.

आता ‘नवे काही नाही’ या आक्षेपाकडे येते. ज्यांनी दुसरा भाग पाच वर्षे खेळला त्यांच्या दृष्टीने तो रास्त आहे. सामन्यांचे मुख्य प्रकार तेच आहेत, अनेक रणभूमी जुन्याच आहेत, आणि नव्या शस्त्रवर्गांत धनुष्य आणि मोटारीच्या वायपरसारखी दिसणारी तलवार एवढीच भर आहे. परंतु भारतात निन्टेंडो आपले कन्सोल अधिकृतपणे विकत नाही. इथे जो तो परदेशातून आलेल्या नातेवाइकाकडून किंवा आयात माल ठेवणाऱ्या दुकानातून घेतो, आणि तो बहुधा थेट तिसऱ्या भागापासूनच सुरुवात करतो. अशा खेळाडूला जुन्या-नव्याची तुलना करायचीच नसते, त्याला तयार, घासूनपुसून लखलखीत केलेला खेळ मिळतो. ज्या सुधारणांना परीक्षणांत ‘बारीकसारीक’ म्हटले गेले त्याच रोज कामी येतात. सामना जुळेपर्यंत लॉबीत, म्हणजे प्रतीक्षेच्या खोलीत, शस्त्र चालवून पाहता येते, मित्रांबरोबर एकाच संघात राहता येते, झालेला सामना पुन्हा पाहता येतो आणि तोही समोरच्या खेळाडूच्या नजरेतून. या शेवटच्या सोयीमुळे मी जितके शिकले तितके कुठल्याही मार्गदर्शक व्हिडिओतून शिकले नाही. ‘चार्जर’ हे लांब पल्ल्याचे शस्त्र घेतलेला खेळाडू नेमका कुठल्या कठड्यावरून मला टिपत होता, हे त्याच्याच डोळ्यांनी पाहिले की पुढच्या वेळी पाय आपोआप दुसऱ्या वाटेला वळतात.

दुसरा ठरलेला आक्षेप आवाजी संवादाचा. खेळात सहकाऱ्यांशी बोलता येत नाही. निन्टेंडोचे फोनवरचे वेगळे ॲप उघडून मित्रांशी बोलता येते, अनोळखी सहकाऱ्यांशी मात्र मुख्यतः दोनच खुणा शक्य आहेत : ‘इकडे या’ आणि विजयाची आरोळी. सांघिक खेळात ही मोठी उणीव आहे हे परीक्षकांचे म्हणणे तत्त्वतः पटते, आणि वरच्या श्रेणीतल्या स्पर्धात्मक सामन्यांत ती जाणवतेही. तरीही आमच्या घरात भाचीला ऑनलाइन खेळायची परवानगी मिळाली ती नेमकी या उणिवेमुळे. मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळांत अनोळखी माणसे हेडफोनमधून काय काय बोलतात हे वहिनीने आजूबाजूच्या मुलांकडे ऐकलेले होते. इथे शिवी द्यायची सोयच नाही म्हटल्यावर तिचा विरोध मावळला. हरल्यावर चिडलेला जपानी खेळाडू फार तर माकूळ होऊन जागच्या जागी उड्या मारतो. त्यातही दुखावून घ्यायचे असेल तर घेता येते म्हणा, पण मुलांना त्याचे हसूच येते.

परीक्षकांनी जी गोष्ट लवकर गुंडाळली, ती म्हणजे जोडणी. हा खेळ सामना चालवण्यासाठी मधे एखादा मध्यवर्ती सर्व्हर ठेवत नाही. सर्व्हर खेळाडूंची जुळवाजुळव करतो आणि पुढे आठही कन्सोल एकमेकांशी थेट बोलतात. टोकियो किंवा ओसाकात बसलेल्या आठ जणांना याने फारसा फरक पडत नाही. पुण्यात बसून बहुतेक वेळा जपानी खेळाडूंशी खेळणाऱ्याला पडतो, आणि का पडतो हे साध्या हिशेबाने कळते. पुणे ते टोकियो अंतर सरळ रेषेत सुमारे ६,७०० किलोमीटर आहे. काचतंतूतून (ऑप्टिकल फायबरमधून) प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबल अगदी सरळ टाकलेली आहे असे मानले तरी जाऊन-येऊन ६७ मिलिसेकंद झाले, आणि प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबली वळसे घेऊनच जातात. सामन्याचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे एक चित्र जेमतेम १७ मिलिसेकंदांचे. तेव्हा सर्वांत आदर्श स्थितीतही पुण्यातला खेळाडू आणि जपानमधला खेळाडू यांच्यात चार चित्रांचे अंतर राहतेच. व्यवहारात याचे रूप असे दिसते : मी कोपऱ्याआड गेले, माझ्या पडद्यावर मी पूर्ण सुरक्षित आहे, आणि क्षणभराने माझे पात्र फुग्यासारखे फुटते, कारण समोरच्याच्या पडद्यावर मी अजून उघड्यावरच होते. किंवा दोघेही एकमेकांना टिपून एकाच वेळी बाद होतो, आणि दोघांनाही वाटते की आपणच आधी टिपले. सारखे असेच होत राहिले की माणूस आपल्या नेमाला दोष देऊ लागतो, आणि नेमात तसे काही बिघडलेले नसते.

अंतराला इलाज नाही, पण जोडणी मुळातच न होणे किंवा सामन्याच्या मध्यात तुटणे याला आहे, आणि तो पुण्यातल्या नव्या खेळाडूला कोणी सांगत नाही. आपल्याकडचे अनेक ब्रॉडबँडवाले बऱ्याच ग्राहकांना मिळून इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता (आयपी) वापरायला देतात. सिनेमा पाहायला किंवा ऑफिसची मीटिंग करायला याने काही अडत नाही; कन्सोलने कन्सोलशी थेट बोलायचे म्हटले की मात्र अडते. कन्सोलच्या सेटिंगमध्ये इंटरनेटची चाचणी केली की ‘नॅट टाइप’ या नावापुढे एक इंग्रजी अक्षर दिसते. ‘ए’ किंवा ‘बी’ असेल तर काळजी नाही. माझ्याकडे ‘डी’ येत होते. सेवा देणाऱ्या स्थानिक कंपनीला फोन केल्यावर पलीकडच्या मुलाने अत्यंत नम्रपणे विचारले, “मॅडम, यूट्यूब चालतंय ना?” ते चालत होते. बऱ्याच फोनांनंतर लक्षात आले, की त्यांच्याशी ‘गेम’ या शब्दात बोलण्यात अर्थ नाही. ‘स्टॅटिक आयपी हवा आहे, सीसीटीव्हीसाठी घेतात तसा’ असे म्हटले की काम होते (स्टॅटिक आयपी म्हणजे कोणाशी वाटून न घेतलेला, आपला स्वतःचा कायमचा पत्ता). त्याचे वेगळे पैसे पडतात, पण त्यानंतर अक्षर बदलले आणि सामना जुळताना होणारे संपर्कदोष जवळजवळ थांबले. दुसरे, वायफायवर विसंबू नये. स्विचच्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकला (कन्सोल टीव्हीला जोडायच्या बैठकीला) केबलची जागा आहे, जुन्या डॉकला यूएसबी अडॅप्टर लावावा लागतो. आमच्यासारख्या, भिंतीला भिंत लागून दहा राऊटर असलेल्या सोसायटीत केबलने पडणारा फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो. तिसरे, राऊटर इन्व्हर्टरवर घ्यावा. वीज गेली तरी हातातला कन्सोल आपल्या बॅटरीवर चालूच राहतो, बंद पडतो तो राऊटर. आणि पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते हे खेळाला ठाऊक नसते. सामना अर्धवट सुटला तर आपला संघ तिघांवर येतो, त्याला बदली गडी मिळत नाही, आणि वारंवार संपर्क तुटणाऱ्याला काही काळ ऑनलाइन खेळण्यास मनाई होते. मुद्दाम पळणारा आणि वीज गेलेला यांच्यात फरक करण्याची सोय नियमात नाही.

एवढा पसारा एखाद्या परीक्षकाने आठवड्याभराच्या खेळण्यात ओळखावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरीही ‘क्वचित संपर्क तुटतो’ एवढ्या एका वाक्यावर विसंबून कोणी पुण्यात हा खेळ घेऊ नये.

वेळेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. खेळातल्या रणभूमी दर दोन तासांनी बदलतात आणि त्या दोन तासांत प्रत्येक प्रकाराला फक्त दोनच रणभूमी मिळतात. आवडीची रणभूमी निवडता येत नाही. आपल्याकडे हा बदल सायंकाळी साडेपाच, साडेसात, साडेनऊ असा होतो. सुरुवातीला बारा रणभूमी होत्या, पुढच्या दोन वर्षांत त्या दुप्पट झाल्या, त्यामुळे तोचतोपणाची जुनी तक्रार आता तितकीशी उरलेली नाही. पण नावडत्या दोन रणभूमी एकदम वाट्याला आल्या तर ती संध्याकाळ फुकटच म्हणायची. त्यातून जपानचे घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. ऑफिसातून येऊन, जेवून, साडेनऊला बसावे तर तिकडे मध्यरात्रीनंतरचा एक वाजलेला असतो. अशा वेळी समोर येतात ते एक तर अत्यंत तरबेज, नाही तर फार लांबच्या देशांतले खेळाडू. साडेपाच ते आठ हा पुण्याहून खेळायचा उत्तम काळ आहे, म्हणजे शाळेतून आलेल्या मुलांचा. नोकरी करणाऱ्यांनी शनिवार-रविवारवर भिस्त ठेवावी.

या सगळ्यातून मला सर्वांत जास्त भावलेला प्रकार म्हणजे ‘सॅमन रन’. यात चार खेळाडू एकाच बाजूला असतात आणि समोर संगणकाने चालवलेल्या माशांच्या लाटा. दर लाट शंभर सेकंदांची, अशा तीन लाटा. मोठ्या माशांना मारून मिळणारी सोनेरी अंडी टोपलीत आणून टाकायची. दुसऱ्या भागात हा प्रकार ऑनलाइन ठरावीक वेळीच उघडा असे, तिसऱ्यात तो कायम उघडा ठेवला आहे. परीक्षकांनी या बदलाचे स्वागत केले होते. आपल्याकडच्या खेळाडूसाठी मात्र तो जवळपास खेळ वाचवणारा बदल आहे. शत्रू दुसऱ्या देशातला माणूस नसल्यामुळे चार चित्रांचे अंतर इथे फारसे जाणवत नाही. शिवाय शस्त्र खेळच देतो, तेही दर लाटेला बदलून, त्यामुळे कोणाची ठरलेली हुकमी हत्यारे चालत नाहीत. इथे सहकार्य खरोखर करावे लागते. उदाहरणार्थ, क्षेपणास्त्रे सोडणारा एक उडता मासा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे डबे उघडतात तेव्हा प्रत्येकात एकेक बॉम्ब टाकावा लागतो, आणि एका खेळाडूच्या टाकीत दोन बॉम्बपुरता रंग एका वेळी मावत नाही. तेव्हा एक मी टाकते आणि दुसरा, माझी भाषा न कळणारा, नावापुढे जपानी अक्षरे असलेला कोणीतरी खेळाडू टाकतो. मासा पडतो, दोघेही आरोळीचे बटण दाबतो आणि अंड्यांकडे धावतो. चौथा भिडू पाण्याच्या कडेला बाद होऊन पडलेला असतो, त्याला रंग मारून उठवायचे विसरलो तर मात्र पुढच्या लाटेत भोगावे लागते. तिसऱ्या भागात अंडी लांबून फेकण्याची नवी सोय आहे. ती वापरणारे आणि न वापरणारे असे खेळाडूंचे दोन वर्ग पडतात, आणि दुसऱ्या वर्गातल्यांबरोबर खेळताना माझा संयम संपतो हे कबूल करावे लागेल.

एकट्याने खेळायची कथा ठीक आहे. छोट्या छोट्या टप्प्यांतून ती प्रत्येक शस्त्राची ओळख करून देते आणि इंटरनेटशिवाय चालते, त्यामुळे वीज गेली की आम्ही तीच उघडतो. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी आलेले ‘साइड ऑर्डर’ हे विस्तारातले प्रकरण तिच्यापेक्षा सरस वाटले. तीस मजली मनोरा, दर मजल्यावर वेगळे आव्हान, हरलो की पुन्हा तळापासून. त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात. पैशांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवे, की खेळाची मूळ किंमत ६० डॉलर आणि ऑनलाइन सभासदत्वाचे वर्षाला २० डॉलर, किंवा आठ खात्यांपर्यंतच्या कुटुंबासाठी ३५ डॉलर, एवढा खर्च अटळ आहे. त्यानंतर मात्र खेळाच्या आत पैसे मागणारे दुकान नाही. कपडे, शस्त्रे, हंगामी बक्षिसे, सगळे खेळून मिळते. मोबाइलवरच्या ‘फुकट’ खेळांत भाचीच्या वर्गातली मुले पोशाखांवर किती उधळतात हे ऐकल्यावर ही एकरकमी किंमत वहिनीला स्वस्त वाटू लागली आहे.

संगीत आणि सजावट यांवर परीक्षकांनी भरभरून लिहिले आहे, त्यात माझी भर नको. फक्त एक : ‘स्प्लॅटफेस्ट’ या खेळातल्या महोत्सवात एखाद्या विषयावर खेळाडूंचे तीन संघ पडतात, सूत्रसंचालन करणाऱ्या त्रिकुटातल्या प्रत्येकाचा एक. त्या त्रिकुटातल्या फ्रायचे दागिने, हातांच्या मुद्रा आणि तालाचा बाज मला चांगलाच आपल्याकडच्या वळणाचा वाटतो. तिच्या संघात जायचे हे आमच्या घरी विषय जाहीर होण्याआधीच ठरलेले असते.

आता घ्यावा का, हा प्रश्न अनेक जण विचारतात. सप्टेंबर २०२४ मधल्या ‘ग्रँड फेस्टिव्हल’नंतर हंगामी भर थांबली, मात्र सामने, सॅमन रन आणि जुन्या विषयांचे महोत्सव सुरू आहेत. जून २०२५ मध्ये स्विच २ या नव्या कन्सोलसाठी मोफत सुधारणाही मिळाली, आणि जुन्या कन्सोलवर खेळातल्या शहराच्या चौकात जो अडखळलेपणा दिसतो तो तिथे राहत नाही. खेळाडूंची वानवा नाही, सामना मिनिटभरात जुळतो. माझा सल्ला इतकाच, की खेळ विकत घेण्याआधी ज्याच्याकडे कन्सोल आहे अशा कोणाला तरी एका संध्याकाळी घरी बोलवा, आपल्या राऊटरला जोडून इंटरनेटची चाचणी करा आणि ‘नॅट टाइप’पुढचे अक्षर पाहा. ते ‘डी’ असेल तर आधी ब्रॉडबँडवाल्याशी बोलून घ्या. त्याने स्टॅटिक आयपी द्यायला साफ नकार दिला, तर केवळ कथा आणि ‘साइड ऑर्डर’ यांसाठी ही रक्कम मोजावी असे मी म्हणणार नाही.